म्हशींसाठी वसविलेले गाव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



‘आपला परिसर’ या विषयावर दोन शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास सांगण्याचा अधिकार माझा नव्हे. पण माहेरी आमच्या दावणीला म्हशी होत्या, शेणाच्या पाट्या उचलीतच मी लहानाची मोठी झाले. तेव्हा म्हशींविषयी चार शब्द बोलले तर कोणी हसणार नाही, असे मनाशी म्हटले आणि हो म्हणून बसले. अंधेरीत बसून म्हशींविषयी बोलायला लांब कुठे जावे लागत नाही. म्हशींसाठी वसविलेले एक अख्खे गाव आपल्या शेजारीच आहे. मरोळवरून पुढे गेले की त्याची हद्द लागते. त्याचे नाव आरे.

आपण आरेला जातो ते पावसाळ्यात मक्याची कणसे खायला, पाहुण्यांना ‘छोटा काश्मीर’ दाखवायला, नाही तर पवईकडे जाण्याची वाट म्हणून. झाडी बघितली की आपण म्हणतो, किती छान रान राहिले आहे! रान आहेच. पण रस्ते आखून, पाणी आणून, घरे बांधून गाव वसवावे, तसे तिथे एक गाव मुद्दाम वसविले गेले. ते का वसविले, कसे वसविले आणि कोणाच्या जमिनीवर वसविले, हे आपणा बायकांना माहीत असायला हवे. कारण ते वसले आपल्याच चुलीवरच्या दुधाच्या पातेल्यापायी.

पूर्वी मुंबईचे दूध मुंबईतच निघे. भर वस्तीत, चाळींना लागून तबेले असत. म्हैस विकत आणावी ती व्यालेली, दुभती. दिल्ली-रोहतकाकडची मुऱ्हा, काठेवाडची जाफराबादी, मेहसाणा, सुरती अशा म्हशी आगगाडीने येत. शहरात जागा अपुरी, चारा महाग. म्हैस आटली की भाकड जनावराला पुन्हा गाभण जाईपर्यंत पोसणे तबेलेवाल्याला परवडत नसे. मग ती खाटकाकडे जाई. आणि रेडकू? ते जितके दूध पिईल तितके विक्रीतून जाणार, म्हणून त्याचे हाल तर विचारूच नका. ज्या घरात म्हैस पोसतात, तिथल्या बाईला हे ऐकवणार नाही. चांगल्या जातीची म्हैस एका वितात संपते आणि तिचा वंशही संपतो. शहर दूध पीत होते खरे, पण खेड्यांतले गोधन खाऊन पीत होते. शिवाय शेणामुताने गटारे तुंबत, माशा होत, आणि दुधात पाणी किती नि दूध किती याचा भरवसा नसे.

दुसऱ्या महायुद्धात टंचाई फारच वाढली, तेव्हा सरकारला यात लक्ष घालावे लागले. १९४५ साली मुंबई सरकारने दूधयोजना काढली आणि गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, दूध आगगाडीने मुंबईला येऊ लागले. चारशे किलोमीटरांहून लांबचे दूध! त्या व्यवहारात शेतकऱ्यांच्या हाती फार थोडे पडे. म्हणून १९४६ साली तिथल्या शेतकऱ्यांनी दूध घालायचे बंद केले आणि डिसेंबरात आपली सहकारी संस्था नोंदवली. तीच पुढे ‘अमूल’ म्हणून आपल्या घरोघर आली. म्हणजे बघा, मुंबईच्या मुलांच्या दुधापायी तिकडे शेतकरी जागे झाले आणि इकडे आरे वसले.

आरे वसवण्यात पुढाकार होता तो मुंबईचे दूध आयुक्त दारा नसरवानजी खुरोडी यांचा. त्यांचे म्हणणे सरळ होते. तबेले शहराबाहेर न्या, जनावरांना मोकळी हवा द्या, आणि दूध एका जागी गोळा करून, तापवून, शुद्ध स्थितीत गिऱ्हाइकाला द्या. १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेला, डोंगरांच्या कुशीत सरकारने सुमारे ३,१६० एकर जमीन या कामासाठी घेतली. ४ मार्च १९५१ रोजी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांनी तिथे झाडाचे रोप लावून वसाहतीचे उद्घाटन केले.

आता या गावाची रचना ऐका. माणसांच्या गावात वाड्या असतात, तशी इथे युनिटे केली. ती वाढत वाढत बत्तीस झाली. एकेका युनिटात सुमारे पाचशे म्हशी, म्हणजे एकूण सोळा हजारांच्या घरात. आजही तिथला माणूस पत्ता सांगताना ‘युनिट नंबर सात’, ‘युनिट नंबर बावीस’ असाच सांगतो. म्हैस तबेलेवाल्याच्याच मालकीची राहिली. गोठा सरकारने बांधला, त्याचे भाडे मालकाने द्यायचे आणि दूध सरकारला घालायचे. गोठ्यांची जमीन उताराची केली, म्हणजे धुतलेले पाणी साचू नये. ते शेणामुताचे पाणी खालच्या शेतांत सोडून त्यावर पॅरा गवत वाढवले. ते हिरवे गवत कापून पुन्हा म्हशींच्या गव्हाणीत. आमच्या गावाकडे उकिरड्याचे खत शेतात जाते आणि शेतातला कडबा गोठ्यात येतो. तोच हिशेब इथे मोठ्या मापाने मांडला होता. गुरांचे डॉक्टर होते, गवळ्यांना राहायला खोल्या होत्या, डांबरी रस्ते होते, दोन्ही बाजूंना झाडे लावली होती. पुढे न्यूझीलंडसारख्या लांबच्या देशाचीही मदत झाली. तिथल्या ‘न्यूझीलंड हॉस्टेल’च्या नावात तिची आठवण आहे.

मधोमध मोठी डेअरी. आपण दूध उतू जाईपर्यंत तापवतो. तिथे तसे नाही. बहात्तर अंशांपर्यंत पंधरा सेकंद, किंवा त्रेसष्ट अंशांवर अर्धा तास तापवायचे आणि लगेच थंड करायचे. रोगाचे जंतू मरतात, दुधाची चव फारशी बदलत नाही. यालाच पाश्चरीकरण म्हणतात. मग काचेच्या बाटल्या, त्यांना वर्खासारखी पातळ झाकणे, आणि त्या भरून गाड्या पहाटे शहरभर सुटत.

याहून मोठी युक्ती ‘टोन्ड’ दुधाची. तीही खुरोडी यांचीच, १९४६ सालची. म्हशीच्या दुधात साय भरपूर, शेकड्याला सहा-सात भाग. त्यात सायीविना दुधाची भुकटी आणि पाणी ठरल्या प्रमाणात मिसळायचे. स्निग्धांश तीन भागांवर येतो, बाकीचे सत्त्व तसेच राहते, आणि एका म्हशीच्या दुधात दुप्पट मुले दूध पितात. पाणी तबेलेवालाही घालीत होता आणि पाणी सरकारनेही घातले. पण एकाने चोरून घातले, दुसऱ्याने सांगून, मोजून आणि भाव कमी करून घातले. गरीब घरच्या मुलाच्या वाटीत दूध पडले ते या दुसऱ्या पाण्यामुळे. १९६३ साली खुरोडी यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले ते आणंदच्या त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबरच. एक शहराच्या बाजूने दुधाकडे पाहणारा, दोघे खेड्याच्या बाजूने. दोन्ही बाजूंचा मान एकाच वेळी झाला, हे मला फार योग्य वाटते.

आमच्या सासूबाई लग्न होऊन अंधेरीत आल्या तेव्हा आरेच्या दूधकेंद्रासमोर पहाटे रांग लागे. कार्ड दाखवायचे, रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. कार्डावर असेल तितकेच दूध. पाहुणे आले की शेजारणीचे कार्ड मागून आणायचे. केंद्रावर कॉलेजात शिकणाऱ्या मुली बसत. सकाळचे दोन तास काम, मग कॉलेज. सासूबाई म्हणतात, “पदवी मिळवायची तर दुधाच्या बाटल्या मोजूनही मिळवता येते, हे मी त्या केंद्रावर बघितले, म्हणून मुलींना शिकवले.” बाटली फुटली तर मात्र घरी बोलणी! काचेची बाटली आता गेली, पिशव्या आल्या. पण या इमारतीतल्या कितीतरी आयांनी आपली मुले त्या दुधावर वाढवली.

ही झाली कौतुकाची बाजू. पण कौतुकावरच थांबले तर ते अर्धे सांगणे होईल.

एक तर शहरातले सगळे तबेले उठले नाहीत. जोगेश्वरी, मालाडकडे ते पुढेही राहिले. भाकड म्हशीचा आणि रेडकाचाही प्रश्न पुरता सुटला नाही. म्हैस शहराजवळ ठेवायची म्हटली की चाऱ्याचा खर्च सुटत नाही, मग गोठा कितीही चांगला असो. पुढे मुंबईच्या म्हशी हलवण्यासाठी डहाणूकडे दापचरीला सरकारने मोठा प्रकल्प काढला. दूध खेड्यातच काढावे आणि शहरात नुसते दूध आणावे, हा आणंदचा धडा शेवटी खरा ठरला.

दुसरी गोष्ट अधिक जिव्हाळ्याची. सरकारने जमीन घेतली तेव्हा ती ओसाड नव्हती. तिथे वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी मंडळींचे पाडे होते. आजही सत्तावीस पाडे सांगतात. भातशेती, भाजीपाला, रानातली कंदमुळे यांवर ती माणसे जगत होती. म्हशींना नळ आले, दिवे आले, डॉक्टर आले. त्याच डोंगरावरच्या कित्येक पाड्यांवर मात्र वीज आणि पाणी यायला पुढे कैक वर्षे लागली. म्हशीला दिलेले मी कमी लेखत नाही. मुक्या जनावराला पाणी द्यावेच. पण मूळच्या माणसाला हंडा घेऊन लांबवर जावे लागते तेव्हा तो हंडा बाईच्याच डोक्यावर असतो, हे आपल्याला सांगायला नको.

तिसरी गोष्ट जमिनीची. दुधासाठी घेतलेली जमीन हळूहळू दुसऱ्या कामांना जाऊ लागली. पोलिसांची छावणी झाली, पाव बनवण्याचा कारखाना झाला, १९७७ साली चित्रनगरी झाली. मग मेट्रोच्या कारशेडचा प्रश्न आला. ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात दोन हजारांहून अधिक झाडे पडली, सर्वोच्च न्यायालयाने पुढची तोड थांबवली. कारशेड २०२० साली कांजूरमार्गला न्यायचे ठरले, २०२२ साली ते पुन्हा आरेतच आले, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये आरेपासून भुयारी मेट्रो धावू लागली. मधल्या काळात आरेची आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, हेही खरे.

त्या वेळी आपल्या मंडळातही दोन तट पडले होते, हे आपणांस आठवत असेल. ज्यांची मुलगी रोज लोकलच्या गर्दीत लोंबकळत कामाला जाते, त्या म्हणत, मेट्रो हवीच. ज्यांच्या घरात आरेची हवा येते, त्या म्हणत, झाड तोडू नका. दोघींचेही म्हणणे मनापासूनचे होते. मी आज तो वाद उकरत नाही. माझे म्हणणे एवढेच की, दोन्हीकडच्या बोलण्यात एक चूक सारखीच होती. एकीला आरे म्हणजे मोकळी पडलेली जागा वाटत होती, दुसरीला आपोआप उगवलेले रान. ते दोन्ही नव्हे. ती लेकरांच्या दुधाचे नाव सांगून लोकांकडून घेतलेली ठेव आहे. आपल्याकडे कोणी हळदीकुंकवाची वर्गणी म्हणून पैसे गोळा केले, तर त्यातून सहल काढण्याआधी सगळ्यांना विचारावे लागते. मग हजारो एकरांना तोच न्याय का नको? पुढे कोणीही त्यातला एक गुंठा मागितला, तर आपण दोन प्रश्न विचारावेत. हे कोणत्या कामासाठी? आणि यातून पाड्यावरच्या बाईला काय मिळणार? या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली तर काम खुशाल होऊ द्यावे. न मिळाली तर गप्प बसू नये.

आणि मोठ्या गोष्टी होतील तेव्हा होतील, आपल्या हातातली एक गोष्ट सांगते. पावसाळा सुरू झाला की पाड्यांवरच्या बायका टाकळा, शेवळे, कर्टोली घेऊन बाजारात बसतात. आपण मॉलमध्ये छापील किमतीला निमूट पैसे देतो आणि तिच्याजवळ पाच रुपयांसाठी घासाघीस करतो. यंदा मंडळाने त्यांतल्या चारजणींना आपल्या सभागृहात रानभाज्या घेऊन बोलवावे, भाव त्यांनीच सांगावा, आणि त्या भाज्या कशा शिजवायच्या ते आपण त्यांच्याकडून शिकावे. त्यांच्या तोंडून आरेची हकीगत ऐकावी. माझ्या सांगण्यापेक्षा ती अधिक खरी असेल.

 आता मसाला दूध तयार आहे. ते पिताना ते कुठून येते याचा जरा विचार करावा, एवढीच विनंती.