उक्त्यात देण्याआधी यादी करा

(रौप्यमहोत्सवी वर्षातील कोजागिरीच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिलं आहे.)



मसाला दूध यायला अजून पाऊण तास आहे, असं सेक्रेटरींनी मला कानात सांगितलंय. त्याच्या आत आटपतो. टँकरचे दिवस, पहिला गणपती, लिफ्ट बंद पडल्यावरची गंमत हे सगळं माझ्याआधीच्या वक्त्यांनी छान सांगितलं. मी आठवणी सांगणार नाही, एक कामाची गोष्ट सांगणार आहे. विषय आहे जुन्या ग्रामोफोन रेकॉर्ड. ज्यांच्या घरी त्या नाहीत त्यांनीही ऐकावं, कारण शेवटी मी सगळ्यांच्याच कपाटांवर येणार आहे.

आपल्या सोसायटीतल्या एक वहिनी आहेत. त्यांची परवानगी घेतली आहे, पण नाव सांगू नका म्हणाल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. गाण्याचे मोठे शौकीन, रेकॉर्डचं कपाट भरलेलं. गेल्या वर्षी मुलगा कॅनडाहून तीन आठवड्यांच्या रजेवर आला. आईला सोबत न्यायचं, फ्लॅट भाड्याने द्यायचा, म्हणजे घर रिकामं करणं आलंच. जुन्या वस्तू घेणारा एक जण बघून गेला. "सगळ्याचे मिळून सहा हजार, आजच उचलतो," म्हणाला. मुलाचं तरी काय चुकलं? विमानाचं तिकीट काढलेलं, हातात दिवस मोजके. पण वहिनींचा पाय निघेना. त्यांनी मला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही बँकेत होतात. हा भाव बरोबर आहे का, जरा बघता?"

आता बँकवाल्याला रेकॉर्डचा भाव काय ठाऊक! मला गाण्याची आवड आहे, थोडंफार वाचलेलं आहे, एवढंच. पण काही वर्षं मी सोनेतारणाच्या टेबलावर काढली आहेत. कर्जदार फडक्यात बांधून दागिने आणतो, तेव्हा सराफ गाठोड्याचं वजन करत नाही. एकेक डाग वेगळा काढतो, कसोटीवर घासतो, खडे आणि लाखेचं वजन वजा धरतो आणि मगच आकडा सांगतो. उक्त्या भावात फायदा नेहमी घेणाऱ्याचा, कारण आत काय आहे ते त्याला कळतं, आपल्याला नाही. मी म्हटलं, "वहिनी, आठ दिवस द्या. आधी यादी करू."

नववीतली आपली एक मुलगी लॅपटॉप घेऊन बसली. मी वाचायचं, तिने टाइप करायचं, वहिनी समोर चहा घेऊन. एकूण १८६ भरल्या.

काय काय बघितलं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हालाही करता येईल.

पहिलं, जात ओळखायची. जड, जाड, पडली तर बशीसारखी फुटणारी ती ७८ ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी. ती प्लास्टिकची नव्हे. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणाची असते. दागिन्यात लाखेचं वजन वजा करायचं, इथे लाख हाच माल! तिच्या नेहमीच्या दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं गाणं. पातळ, लवचीक, मोठी ती एलपी. तिची सुरुवात १९४८ साली अमेरिकेत झाली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मावू लागली. लहान ती ४५ ची. वहिनींकडे ७८ च्या ५४, लहान ६१ आणि एलपी ७१ निघाल्या.

दुसरं, लेबल आणि नंबर. कुत्र्याचं चित्र सगळ्यांना माहीत असतं, पण ओडियन, कोलंबिया, ट्विन, यंग इंडिया अशी लेबलंही होती. लेबलवर छापलेला नंबर असतोच. शिवाय गाणं संपल्यावर लेबलभोवती जी कोरी जागा राहते, तिथे बारीक आकडे उमटवलेले असतात. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरली की दिसतात. कुठल्या वेळचं ध्वनिमुद्रण ते जाणकाराला या आकड्यांवरून काढता येतं. दोन्ही नंबर लिहून घ्यावेत.

अगदी जुन्या तबकडीची आणखी एक गंमत. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गेसबर्गसाहेब कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन येत. तिथल्या कामगारांना आपली भाषा कुठली कळायला? म्हणून गाणं संपताच गायिका स्वतःचं नाव सांगून टाकायची, असं म्हणतात. १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. तेव्हा शेवटी नाव सांगणारा आवाज आला, तर तबकडी जपून ठेवा.

तिसरं, अवस्था. उजेडात धरल्यावर काळी चमक दिसली तर ठीक. करडी, राखेसारखी दिसली तर पोलादी पिनेने खाल्लेली.

चौथं, पाकीट. दुकानाचा शिक्का, किंमत, गाण्यांचं पत्रक, हातचा मजकूर, काहीही फेकू नका.

आणि चार पथ्यं. ७८ ची रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. रेकॉर्ड एकावर एक रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. उन्हात नकोत, एलपी वाकते. चावीच्या फोनोवर एलपी कधीही लावू नका, त्या जड पिनेने एका फेरीत तिचं वाटोळं होतं.

आता भावाकडे वळू. लोकांचा समज असा की गाजलेली ती महाग. बाजार नेमका उलटा चालतो. १९७५ च्या 'शोले'च्या संवादांची एलपी आठवते ना? गणपतीत कुठल्या मंडळाने लावली नाही सांगा! जिच्या एवढ्या प्रती निघाल्या, ती दुर्मीळ कशी असेल? उलट जी तेव्हा खपली नाही, छोट्या कंपनीने थोडीच काढली, नाट्यपद, पोवाडा, भाषण असं काही, तिचा शोध घेणारा आज एखादा असतो. मात्र दुर्मीळ आहे म्हणून मागणी असेलच असंही नाही. आणि वर्तमानपत्रातल्या लाखांच्या गोष्टी वाचून कुणी हुरळून जाऊ नका.

तर १८६ चे आम्ही तीन गठ्ठे केले. पहिला, सहज मिळणाऱ्या किंवा खराब झालेल्या. दुसरा, विकण्याजोग्या. या २६ निघाल्या. त्यांची यादी नंबरांसकट तीन ठिकाणी दाखवली आणि एकेक करून विकल्या. या २६ चेच मिळून उक्त्याच्या सहा हजारांपेक्षा जास्त आले. लाख आले का? नाही. पण मुलाने मान डोलावली.

तिसऱ्या गठ्ठ्याला बाजारभाव नाही. भाऊंनी पाकिटांवर पेन्सिलने लिहून ठेवलं होतं: पहिला पगार, मुलाचं बारसं, नव्या घरातला पहिला पाडवा. त्यातली एक यंग इंडियाची होती. ही आपल्या मुंबईचीच देशी कंपनी, १९३० च्या दशकात निघालेली, नव्या गळ्यांनाही संधी देणारी. त्या तबकडीवर कुमारी अमुक-तमुक असं नाव. घेणाऱ्याला ते ओळखीचं नव्हतं, मला नव्हतं, मुलालाही नव्हतं. मी वाचलं आणि टाइप करणारी पुढच्या ओळीवर गेली. वहिनी म्हणाल्या, "थांबा. परत वाचा." मी परत वाचलं. "अहो, या आमच्या मावससासूबाई! हे त्यांचं माहेरचं नाव."

घरात सगळ्यांना माहीत होतं की या मावशी लग्नाआधी गायच्या. लग्नानंतर गाणं सुटलं. मुलगा त्यांना पुण्याची आजी म्हणून ओळखत होता, अनारसे पाठवणारी. त्यांचं गाणं त्याने कधी ऐकलं नव्हतं. ७८ ला वेगळी, जाड पिन लागते. तसं यंत्र असलेल्या एका परिचितांकडे आम्ही तबकडी घेऊन गेलो. खरखर पुष्कळ होती, पण आवाज स्पष्ट, तरुण. तीन मिनिटांचं भावगीत. मुलाने तिथल्या तिथे ते उतरवून घेतलं. आज ती तबकडी वहिनींजवळ आहे आणि गाणं घरातल्या सगळ्यांच्या फोनवर.

मला इथेच थांबून एक सांगायचं आहे. ही किंमत कुणाला कळली? दुकानदाराला नाही, इंटरनेटला नाही. लेबलवर नाव छापलेलं असूनही ते वहिनींशिवाय कुणी ओळखणार नव्हतं. आणि त्यांनीही ते नाव कानावर पडलं म्हणून ओळखलं. आणखी पाच वर्षांनी त्या कपाटात तीच तबकडी असती, पण सांगणारं माणूस कदाचित नसतं.

हे घरापुरतंच नाही. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे आणि तिच्यात आपल्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. केसरबाई मूळच्या गोव्यातल्या केरी गावच्या. ती रेकॉर्ड बाजारात मिळेनाशी झाली होती. शोधता शोधता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या जुन्या खोक्यात ती सापडली. खोकं आधीच कुणी रद्दीत दिलं असतं तर?

उलट बाजूही बघा. केसरबाईंचे गुरू उस्ताद अल्लादियाखाँसाहेब १९४६ साली गेले. तोवर ग्रामोफोन कंपनीला आपल्याकडे येऊन चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. तरी त्यांच्या गाण्याची तबकडी आज आपल्याकडे नाही. शिष्यांच्या गाण्यावरून आपण गुरूच्या गाण्याचा अंदाज बांधायचा. जी गाणी तबकडीवर उतरली, त्यांचेही मूळ साचे कंपन्यांनी सगळेच जपले असं नाही. काही गाणी आज कुणाच्या तरी घरातल्या प्रतीमुळेच ऐकायला मिळतात. अशा प्रतींसाठी मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संग्राहकांची संस्था काम करते आहे. घरात वेगळं काही निघालं तर आधी अशा जाणकारांना विचारावं.

आता सगळ्यांच्या कपाटांकडे येतो. पंचवीस वर्षांपूर्वी इथे राहायला आलो तेव्हा आपण पन्नाशीच्या आसपास होतो. आज या सभागृहात पहिल्या सभासदांपैकी किती जण आहेत, मघाशी मी मोजत होतो. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशात. पुढे घरं तीन आठवड्यांच्या रजेतच रिकामी होणार आहेत. लॉकरला आपण नॉमिनी लावतो, कपाटाला कुणी लावत नाही. रेकॉर्ड असोत, जुने फोटो असोत, आजोबांच्या वह्या असोत, आपण असेपर्यंत यादी करून ठेवू. चार रकाने पुरेत: काय आहे, कुणाचं, कुठून आलं, पुढे कुणाला द्यायचं. ज्येष्ठांनी सांगायचं, मुलांनी लिहायचं. विकायचं की ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवावं, पण बघून ठरवावं.

नववीतली ती मुलगी आता दहावीत गेली, तिला अभ्यास आहे. पण तिच्या धाकट्या भावाने नाव दिलं आहे. आणखी चार मुलं तयार आहेत. दर रविवारी दहा ते बारा. ज्यांना बोलवायचं असेल त्यांनी ऑफिसमधल्या वहीत फ्लॅट नंबर लिहावा. मुलांना चहा चालत नाही, खायला मात्र काहीतरी ठेवा.

दुधाचा वास यायला लागला आहे, म्हणजे माझी वेळ संपली.