घरची मांडणी क्लस्टरवर नेताना
(उत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



काशीच्या या व्यासपीठावर वेदान्त आणि संगीत यांवर बोलणारे मोठे वक्ते आपण ऐकता. आपल्या घरांतील अनेक मुले आज संगणकाच्या क्षेत्रात आहेत. त्यांच्या उपयोगी पडेल असे दोन शब्द मी सांगणार आहे. वडीलधाऱ्यांनीही ऐकावे, कारण विषय शेवटी हिशेबाच्या वहीपाशीच येतो.

समजा, एखाद्या मंडळासाठी वर्गणीच्या पावत्यांचा प्रोग्राम लिहिला. त्याचे दोन भाग : पावती भरण्याचे पान आणि नोंदी सांभाळणारा पोस्टग्रेस हा डेटाबेस. प्रत्येक भाग त्याला लागणाऱ्या सामानासकट एका बंद डब्यात भरायचा, याला कंटेनर म्हणतात. डॉकर या साधनाने २०१३ पासून ही पद्धत सर्वदूर नेली. कोणता डबा कसा सुरू करायचा, याची यादी डॉकर कंपोजच्या फाइलीत लिहितात. एक आज्ञा दिली की सारे चालू.

पण हे सारे एकाच संगणकावर. तो बंद पडला की पावत्याही बंद. म्हणून अनेक संगणक जोडून क्लस्टर करतात. आपल्याच बनारसात, आयआयटी बीएचयूमध्ये २०१९ साली सुरू झालेला ‘परम शिवाय’ हा महासंगणकही क्लस्टरच. पण तो मोठ्या शास्त्रीय गणितांसाठी. अखंड चालणाऱ्या सेवांसाठी कुबेरनेटीस वापरतात. गूगलने २०१४ साली ते सर्वांसाठी खुले केले. हा ग्रीक शब्द, अर्थ सुकाणू धरणारा. गंगाकाठच्या माणसांना नावाड्याचे महत्त्व मी काय सांगावे!

घरचा गणपती आणि सार्वजनिक उत्सव यांत जो फरक, तोच कंपोज आणि कुबेरनेटीस यांत. घरी समई कुठे, प्रसादाचे ताट कोणते, हे न सांगता कळते. सार्वजनिक उत्सवात प्रत्येक काम कोणाकडे, तो आला नाही तर कोण, हे लिहून ठेवावे लागते. कंपोजच्या फाइलीत अशा कितीतरी गोष्टी गृहीत असतात.

एका फाइलीतून दुसरी तयार करणारे साधन आहे. त्याचे नाव कॉम्पोज, स्पेलिंग ‘के’ अक्षराने. ते २०१६ पासून आहे आणि कुबेरनेटीस प्रकल्पाचाच भाग आहे. ‘कॉम्पोज कन्व्हर्ट’ म्हटले की क्षणात नव्या फाइली तयार होतात. काम चांगले करते. पण मोडी कागद बाळबोधीत उतरवण्यासारखेच ते आहे. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही; ‘दिन’ की ‘दीन’, हे संदर्भ जाणणाऱ्यानेच ठरवायचे. इथेही चार ठिकाणी माणसानेच नजर घालावी लागते.

पहिले, नोंदींची जागा. घरच्या फाइलीत ‘या फोल्डरमध्ये डेटा ठेव’ असे लिहिलेले असते. क्लस्टरवर तो फोल्डर नाहीच. कॉम्पोज तशी सूचना देते आणि त्याऐवजी साठवणीची मागणी, म्हणजे पर्सिस्टंट व्हॉल्यूम क्लेम, लिहून देते. आकार सांगितला नसेल तर १०० मेबीबाइट, आणि ती जागा रिकामी! प्रोग्राम बिनतक्रार सुरू होतो, पण वही कोरी. म्हणून जुन्या डेटाची प्रत आधी काढावी, जागा पुरेशी मागावी, मग प्रत तिथे भरून नोंदी मोजून पाहाव्यात.

दुसरे, पत्ता. कंपोजमध्ये शेजारचे डबे एकमेकांना नावाने हाक मारतात, पोर्ट लिहिले नसले तरी चालते. कॉम्पोज मात्र पोर्ट दिसला नाही तर त्या भागाची सर्व्हिस बनवत नाही. मग पावतीच्या पानाला डेटाबेस सापडत नाही. आत वापरायचे पोर्टही मूळ फाइलीत लिहावे.

तिसरे, गुप्त शब्द. फाइलीत उघडा लिहिलेला पासवर्ड नव्या फाइलीतही उघडाच येतो. तो हाताने सीक्रेटमध्ये न्यावा. तिथेही तो मुळात फक्त बेस-६४ या लिपीत असतो, ती कोणालाही उलगडता येते; म्हणून सीक्रेट वाचण्याचा अधिकार मोजक्यांनाच असावा.

चौथे, क्रम. ‘आधी डेटाबेस, मग पान’ ही ओळ क्लस्टरवर उतरत नाही. डेटाबेस मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याची सवय प्रोग्रामलाच लावावी. तसेच स्वतः बांधलेली इमेज रजिस्ट्रीत चढवावी. आपल्या लॅपटॉपवरची इमेज क्लस्टरला दिसत नाही.

मग रंगीत तालीम घ्यावी. खोट्या नावाची एक पावती फाडावी, डेटाबेसचा पॉड मुद्दाम काढून टाकावा. कुबेरनेटीस नवा पॉड उभा करील. पावती तिथे आहे का ते पाहावे. ही परीक्षा उत्सवाच्या आधी, एकदा तरी झालीच पाहिजे. आणि वहीची प्रत क्लस्टरच्या बाहेरही ठेवावी. नावाडी कुशल असला तरी गाठोडे आपलेच असते.

तरुण मित्रांना एक विनंती. दहा दिवसांच्या वर्गणीला एक संगणक आणि रोजची प्रत पुरते. नवे आले म्हणून ते उचलू नये. एक संगणक बंद पडल्यावर कोणाचे काम अडते, हे आधी विचारावे. काम खरेच अडत असेल तर क्लस्टर जरूर करावा. वर्गणीदार अकरा रुपये देतो तेव्हा तो आपल्यावर विश्वास ठेवतो. तो विश्वास आपोआप रूपांतरित करून देणारे साधन अद्याप निघालेले नाही.

 गणपती बाप्पा मोरया!