पट्टीआधी नाडी
(धडगाव येथे पाड्यांवरच्या आरोग्यसेविकांसमोर केलेले भाषण)



घोट्याजवळची चिघळलेली जखम दिसली की मी पूर्वी लगेच घट्ट पट्टी बांधायचे. एका आजोबांच्या पायाची बोटं त्या पट्टीखाली काळवंडली, तेव्हा माझी चूक कळली. पट्टी सोडून त्यांना झोळीतून खाली रस्त्यापर्यंत आणलं, दवाखान्यात नेलं.

तिथे त्यांना १० मिनिटं निजवून डॉप्लर यंत्रानं दंडाचा आणि घोट्याचा रक्तदाब मोजला. दंडात १२०, घोट्यात ६०. भागाकार ०.५. हा आकडा ०.९ किंवा त्याहून कमी आला, तर पायाची रक्तवाहिनी अरुंद झालेली असते. सुई नाही, दुखणं नाही.

आपल्याकडे यंत्र नाही, बोटं आहेत. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्यामागे नाडी पाहा. ठोका लागत नसेल, पाय गार असेल, चढ चढताना पोटरी दुखून थांबल्यावर राहत असेल, तर जखम नुसती स्वच्छ झाका आणि दवाखान्यात पाठवा. बिडी, तंबाखू सोडायला सांगा. तरुण रुग्ण असेल तर सिकलसेलचीही तपासणी करून घ्या. त्या आजारातही घोट्याजवळ जखमा होतात.

आजोबांचा पाय वाचला, दोन बोटं गेली. तेव्हापासून मी आधी नाडी पाहते. तुम्हीही पाहा.