मच्छरदाणीतले रसायन



रसायनशास्त्र म्हटले की प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. एटापल्लीकरांना इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. हिवतापाच्या ह्या मुलखात आरोग्य खात्यामार्फत औषधी मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. अशा काही जाळ्यांचा धागा पॉलिएथिलीनचा असतो.

एथिलीन हा वायू. त्याच्या रेणूत कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात. त्यांतला एक पदर सुटला की दोघांचाही एकेक हात मोकळा होतो, तो शेजारच्याचा हात धरतो, आणि बघता बघता हजारो रेणूंची साखळी होते. ह्यात वजाबाकी नाही, नुसती बेरीज. म्हणून ही समावेशक बहुवारिके. पॉलिएस्टरचे तसे नव्हे. तेथे जोडणी होताना पाण्यासारखा लहान रेणू बाहेर पडतो.

1933 च्या मार्चमध्ये इंग्लंडात फॉसेट आणि गिब्सन ह्यांनी एथिलीन दुसऱ्या एका द्रव्याबरोबर प्रचंड दाबाखाली तापवले. हवे ते संयुग मिळाले नाही. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र राहिला. दुसऱ्या महायुद्धात तो रडारच्या तारांना वेष्टन म्हणून कामी आला. आजची ताडपत्री आणि दुधाची पिशवी त्याच कुळातली.

हे मेणासारखे असणे हेच आपल्या जाळीचे मर्म आहे. धागा ओढण्यापूर्वी वितळलेल्या पॉलिएथिलीनमध्ये परमेथ्रिनसारखे कीटकनाशक मिसळतात. साखळ्यांमधल्या सैल जागांतून ते हळूहळू वर झिरपते. धुण्यात वरचे गेले, तर काही दिवसांत आतले वर येते. साध्या जाळ्या पूर्वी दर सहा महिन्यांनी औषधात बुडवाव्या लागत. ही वीस धुणी आणि सुमारे 3 वर्षे पुरावी अशी अपेक्षा असते. मात्र ती सावलीत वाळवावी, कारण कडक ऊन औषधाचा नाश करते.

पण जाळी पेटीत घडी घालून ठेवली, तर रसायन काय करणार? शेतावर राखणीला किंवा मोहाच्या दिवसांत रानात झोपणाऱ्याने ती बरोबर न्यावी. ॲनॉफेलीस डास रात्री चावतो. घर आणि रान असा भेद तो करीत नाही.

आणखी एक. जगात काही ठिकाणी ह्या जाळ्यांनी मासे धरतात. ही कीटकनाशके माणसाला त्या मानाने सौम्य, पण माशांना जहाल. शिवाय तेंदूच्या पानातील सेल्युलोजचे दुवे बुरशीला तोडता येतात, म्हणून पान पावसाळ्यात कुजते. पॉलिएथिलीनची निव्वळ कार्बनची साखळी तिला सहसा तुटत नाही. ओढ्यात टाकलेली फाटकी जाळी औषध संपल्यावरही कित्येक वर्षे डोहाच्या तळाशी माशांच्या कल्ल्यांत अडकत राहील.