‘केले’ नव्हे, ‘झाले’

आपल्या गोंदियाच्या धानाच्या बांधीत सारस उभा असतो. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच. दूरचित्रवाणीवरचे माहितीपट अशा पक्ष्यांविषयी बरेचदा सांगतात, ‘पाण्यात चालण्यासाठी त्यांनी पाय लांब केले.’ वाक्य गोड, पण फसवे. पाय कोणी ठरवून लांब करत नाही. पिल्लापिल्लांत जन्मतःच थोडा फरक असतो. उथळ पाण्यात ज्यांना लांब पाय उपयोगी पडले, त्यांचा वंश अधिक वाढला. डार्विनने १८५९ मध्ये हेच मांडले. मी कवी, म्हणून क्रियापदाशी अडतो. ‘केले’ नव्हे, ‘झाले’ म्हणा. या ‘झाले’ला लाखो वर्षे लागली. विजेच्या तारा आणि कीटकनाशके पाहता, ‘संपले’ म्हणायला मात्र आपली एक पिढी पुरेल.