हलता डोळा, स्थिर चित्र



एस. टी.च्या खिडकीतून कधी फोटो काढला आहे का? कडेची बाभळ फराटा होऊन उमटते, दूरचा डोंगर मात्र स्वच्छ येतो. मग तुम्ही म्हणाल, पाचशे किलोमीटरवरून पाहणाऱ्या उपग्रहाला कसली अडचण? अडचण आहे, कारण त्याचा डोळा दुर्बिणीचा. त्याच गाडीत डोळ्याला दुर्बीण लावा, तोच डोंगर नाचू लागेल. दुर्बीण वस्तू मोठी करते, तसा हादराही मोठा करते.

२७ नोव्हेंबर २०१९ रोजी श्रीहरिकोट्याहून आपला कार्टोसॅट-३ हा उपग्रह ५०९ किलोमीटर उंचीच्या कक्षेत सोडला. जमिनीवरचा २५ सेंटिमीटरचा, म्हणजे साधारण वीतभर तुकडा वेगळा टिपण्यासाठी त्याचा कॅमेरा घडवलेला. पण त्याच्या नजरेखालून जमीन सेकंदाला सुमारे ७ किलोमीटर सरकते. म्हणजे वीतभर तुकडा सेकंदाच्या अठ्ठावीस हजाराव्या हिश्शात निघून जातो! एवढ्यात प्रकाश तो किती मिळणार?

यावर युक्ती आहे. गंजीला आग लागली की आपण विहिरीपासून माणसांची रांग लावून बादली हातोहात देतो ना? तसेच इथे. कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या ठिपक्यांच्या अनेक ओळी असतात. चित्र ज्या वेगाने सरकते, त्याच वेगाने जमलेला विद्युतभार पुढच्या ओळीच्या हाती जातो, आणि प्रत्येक ओळ त्यात आपली ओंजळ घालते.

मात्र रांगेत कुणी डगमगला की पाणी सांडलेच. उपग्रहाला वळवणारी चाके फिरतात, त्यांची बारीक थरथर कॅमेऱ्याला पोचते. एका अंशाचे ३६०० भाग करा. नजर त्यातला एकच भाग कलली, तर जमिनीवर अडीच मीटर चुकते. दहा तुकड्यांचा घोटाळा! म्हणून भोवऱ्याच्या तत्त्वावरची यंत्रे हालचाल मोजतात, ताऱ्यांवर रोखलेला कॅमेरा दिशा सांगतो. काही उपकरणांत एक छोटा कॅमेरा भराभर चित्रे घेतो. लागोपाठच्या दोन चित्रांची ताडणी करून सरक काढतात, आणि लहानसा आरसा तितकाच उलट कलवतात. राहिलेली चूक पुढे गणिताने कमी करतात, पण पुसून गेलेला बारकावा गणितालाही पुरता परत आणता येत नाही.

हे सारे कशासाठी? बांध कोरल्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा होतो, हे तुम्हांला मी काय सांगावे! निवाडा जागेवरच्या मोजणीनेच व्हायचा. पण आकाशातला साक्षीदार थरथरला, तर दोन शेतांमधला बांधच चित्रातून नाहीसा होईल.

गुरुजी, मुलांकडून एवढे करून घ्या. दुर्बीण हातात धरून देवळाचा कळस पाहू द्या, मग तीच भिंतीला टेकवून पाहू द्या. पुढचे मुले आपणच सांगतील.