बांधणाऱ्यांची संघटना
(वसंत व्याख्यानमालेत तेरखेडा येथे दिलेले व्याख्यान)



तेरणा तुमच्या शिवारात उगम पावते. इथून ती तेरला जाते, पुढं माकणीच्या धरणात अडते, आणि त्या धरणापासून सास्तूर आणि किल्लारी हाकेच्या अंतरावर आहेत. इंजिनिअर, ठेकेदार आणि मिस्त्री यांच्या व्यावसायिक संघटना हा आजचा विषय ऐकून कुणाला वाटेल, हा मुंबई-पुण्याचा मामला, आपला काय संबंध? संबंध या नदीकाठाचाच आहे.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं घरोघर निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली आणि आठ ते दहा हजार माणसं गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवावी लागली. धक्का मोठा होता, पण जगाच्या मानानं अवाढव्य नव्हता. माणसं मेली ती घरांखाली.

ते घर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. दोन-अडीच फूट रुंद भिंत, कुठं त्याहूनही जाड. बाहेरून दगडाचं एक तोंड, आतून दुसरं, मध्ये चिपा-मातीची भर आणि सांध्यांत नुसती माती. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळतीच्या धाकानं त्यावर आणखी पांढरी माती पडायची, म्हणजे डोक्यावरचं ओझं वर्षागणिक वाढायचं. भिंतीच्या आरपार जाणारा, दोन्ही तोंडांना एकमेकांशी धरून ठेवणारा दगड पुष्कळ ठिकाणी नव्हताच. हादरा बसला तशी दोन तोंडं एकमेकांपासून सुटली, फुगली आणि माळवद खाली आलं. जिथं माळवदाचा भार लाकडी खांब-तुळयांवर होता, अशा कित्येक खणाच्या घरांत भिंती पडल्या तरी छत उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली. एका आरपार दगडाचा आणि एका खांबाचा हा हिशेब आहे.

हे ज्ञान तेव्हा देशात नव्हतं काय? होतं, आणि साठ वर्षं होतं. १९३१ साली बलुचिस्तानात माच इथं भूकंप झाला. त्यानंतर एस. एल. कुमार नावाच्या तरुण रेल्वे इंजिनिअरनं क्वेट्टा भागात भूकंपाला टिकतील अशी रेल्वेची घरं आखली, जुने रूळ वापरून ती बांधली, आणि १९३३ मध्ये आपला सगळा हिशेब पंजाब इंजिनिअरिंग काँग्रेससमोर निबंध म्हणून मांडला. ही इंजिनिअरांची संघटना होती. निबंध वाचायचे, त्यावर आपसांत वाद घालायचा आणि छापून ठेवायचं, हे तिचं काम. ३१ मे १९३५ च्या पहाटे क्वेट्टा शहर जमीनदोस्त झालं आणि ती घरं उभी राहिली. एका माणसाचं डोकं आणि एका संघटनेचा छापखाना, एवढ्यावर भूकंपरोधक बांधकाम या देशात सिद्ध झालं होतं.

मग ते ज्ञान सास्तूरच्या गवंड्यापर्यंत का आलं नाही? एक कारण नकाशात सापडतं. भूकंपाच्या १८९३ क्रमांकाच्या भारतीय मानकात तेव्हा हा भाग पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. २००२ च्या आवृत्तीत तो पहिला झोनच काढून टाकला आणि किल्लारी परिसर तिसऱ्या झोनमध्ये आला. पण मला दुसरं कारण जास्त मोठं वाटतं. निबंध वाचणाऱ्यांच्या संघटना वेगळ्या होत्या आणि भिंत रचणाऱ्याला संघटनाच नव्हती. भूकंपानंतर पुनर्वसनाच्या कार्यक्रमात गवंड्यांना प्रशिक्षण मिळालं, कोपऱ्यांना बांध आणि भिंतींना आडवे पट्टे देण्याचं काम गावोगाव झालं. कार्यक्रम संपला आणि ते शिक्षण पुढच्या पिढीकडे नेणारं कुणी उरलं नाही. सरकारी कार्यक्रमाला मुदत असते. संघटनेला ती नसते, म्हणून तिची गरज.

आपल्या मातीला ही गोष्ट नवी नाही. तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर, मोठं व्यापारी नगर. त्या काळात कारागिरांच्या श्रेणी, म्हणजे त्यांचे संघ, होत्या. नाशिकच्या पांडवलेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या कापडचोपडासाठी त्यानं तीन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले, ते गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे. दोन हजार एकीकडे, हजार दुसरीकडे, व्याजाचा दरही दगडात कोरलेला. विचार करा, राजाचा जावई आपला पैसा विणकरांच्या हवाली करतो! एखादा विणकर मरेल, बुडेल, गाव सोडेल. श्रेणी राहील आणि तिचा शब्द राहील, हा त्याचा भरवसा. संघटना म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला माहीत नाही. जी आपल्या सभासदाच्या वतीनं हमी देते आणि हमी मोडली तर त्याला जाब विचारते, ती संघटना.

आजच्या संघटना या कसोटीला लावून पाहू. बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया १९४१ मध्ये आपल्या पुण्यातच उभी राहिली, लष्करी बांधकामं करणाऱ्या ठेकेदारांमधून. बिलं, दर, निविदेच्या अटी यासाठी ती झगडत आली आणि ते रास्तच आहे. थकलेल्या बिलानं ठेकेदार कसा मोडतो हे या सभेत बसलेल्यांना सांगायला नको. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स १९२० पासून आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत स्ट्रक्चरल इंजिनिअरांनी आपली स्वतंत्र संस्था काढली. पण वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, नोंदणी आहे, ती रद्द करण्याचा अधिकार असलेली परिषद आहे. इंजिनिअरांसाठी देशपातळीवर असा कायदा अजून झालेला नाही. २००१ मध्ये भूज हादरलं तेव्हा अडीचशे-तीनशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत बहुमजली इमारती कोसळल्या. अशा वेळी नकाशावर सही करणाऱ्याला त्याच्याच व्यवसायातल्या माणसांनी जाब विचारायला हवा. ती ताकद आपल्या इंजिनिअर संघटनांनी अजून कमावलेली नाही. माझी त्यांच्याबद्दलची तक्रार एवढीच आहे, आणि ती मी इंजिनिअर म्हणूनच करतो.

आता तेरखेड्यातल्या घराकडे या. माळवद गेलं, कॉलम-बीमचं घर आलं, आणि सिमेंट-सळईचं म्हणजे पक्कं अशी समजूत झाली. कॉलमच्या उभ्या सळयांना जी रिंग घालतात तिच्याकडे बघा. तिची दोन टोकं काटकोनात मुडपून सोडली, तर भूकंपात बाहेरचं काँक्रीट निखळताच ती उघडते आणि उभ्या सळया बाहेर वाकतात. तीच टोकं १३५ अंशांत, म्हणजे आतल्या काँक्रीटमध्ये तिरपी घुसतील अशी वळवली, तर रिंग कॉलमला आवळून धरते. १९९३ सालच्याच १३९२० क्रमांकाच्या मानकात हे लिहिलेलं आहे. खर्च म्हणाल तर रिंगमागं बोटभर सळई आणि हाताचा एक झटका. फिटरला हे कुणी दाखवलं तर तो करतो. त्याला दाखवायचं कुणी? घरमालकाला माहीत नाही, गावठाणातल्या घरावर इंजिनिअर क्वचितच येतो, आणि सेंट्रिंगवाल्याला उद्याचा स्लॅब गाठायचा असतो.

म्हणून माझं म्हणणं असं की, संघटना तालुक्याला हवी आणि तिच्यात इंजिनिअर, ठेकेदार, मिस्त्री, फिटर, सेंट्रिंगवाला एकाच पंगतीत हवेत. तुम्हाला हे पटवणं मला सोपं आहे, कारण हे फटाक्यांचं गाव आहे. एका शेडमध्ये किती माणसं बसवायची, दोन शेडमध्ये किती अंतर ठेवायचं, दार कोणत्या बाजूला उघडायचं, हे नियम इथल्या कामगाराला ठाऊक आहेत. आणि एका कारखान्यातल्या हयगयीची झळ शेजाऱ्यालाही बसते हेही ठाऊक आहे. बांधकामात ती झळ तीस वर्षांनी बसते, एवढाच फरक.

अशी संघटना मिस्त्रीलाही काही देईल तरच टिकेल. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे अठरा ते साठ वयाच्या कामगाराला नोंदणी करता येते, पण वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दहा घरी दहा-दहा दिवस राबणाऱ्या गवंड्याला तो दाखला मिळवताना चपला झिजवाव्या लागतात. संघटनेनं कामाची वही ठेवली, कुणाकडे, कुठल्या तारखेला, कोणतं काम, तर दाखला मागायला त्याच्या हातात पुरावा येईल. आणि तीच वही उद्या चुकीच्या कामाचा माग काढायलाही उपयोगी पडेल. काम वाईट निघालं तर संघटनेतून नाव कमी केलं जाईल, हे पहिल्या दिवशीच सगळ्यांनी कबूल करायचं. इंजिनिअरनं साइट न पाहता सही करायची नाही, आणि हा नियम सर्वांत आधी त्यालाच लागू.

पहिली बैठक मात्र सभागृहात घेऊ नका. गावात ज्याच्या घराचा स्लॅब टाकायचा असेल, त्याच्या परवानगीनं आदल्या दिवशी संध्याकाळी तिथं जमा. मिस्त्री, फिटर, इंजिनिअर आणि घरमालकीणही. काँक्रीट पडायच्या आत रिंगा मोजा, त्यांची टोकं हातानं चाचपून बघा, आणि ज्या चुकल्या असतील त्या तिथंच वळवून घ्या.